गोगलगाय जवळ गेलं की आत जाते, फोटोत नुसता शंख येतो, काय करायचं?

तुमचं म्हणणं मला जे समजलं ते असं. घर चिपळूणच्या बाजूला, मागे परस, पाऊस लागला की अळवावर, कुंड्यांवर, न्हाणीच्या भिंतीवर गोगलगायी दिसायला लागतात आणि तुम्हाला त्यांचे चांगले फोटो हवेत. मोबाइल जवळ नेला की ती अंग आत घेते, आणि नाही घेतलं तर फोटोत अंगावर पांढरे चट्टे नि बाकी सगळं काळं. म्हणून विचारताय की वीसेक हजारात मॅक्रोवाला, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तूंचे फोटो काढणारा कॅमेरा घेऊ का. आणि शेवटी एक ओळ टाकलीय की सासूबाई म्हणतात मीठ टाका नि मोकळं व्हा, तर ते बरोबर का. मला वाटतं या शेवटच्या ओळीचं उत्तरही फोटोतूनच मिळतं, त्यामुळे सगळंच सांगतो, थोडं लांबेल.

आधी कॅमेऱ्याचं. आत्ता घेऊ नका. तुमच्या दोन्ही तक्रारी लाखाचा कॅमेरा आणलात तरी तशाच राहतील, कारण एक गोगलगायीच्या स्वभावाची आहे नि दुसरी उजेडाची. उलट मॅक्रो लेन्स लावली की तुम्ही अजून जवळ जाता आणि दोन्ही त्रास वाढतात. मी बरीच वर्षं पावसाळ्यात परसातले किडे, बेडूक, गोगलगायी हेच काढत आलोय, नवीन मंडळींना सोबत घेऊन बसतोही, आणि ज्यांचे फोटो जमतात नि ज्यांचे जमत नाहीत त्यांच्यात फरक लेन्सचा क्वचित असतो. ज्याचा जमतो तो जमिनीवर फतकल मारून बसलेला असतो, ज्याचा जमत नाही तो कमरेत वाकून वरून काढत असतो. वरून काढलं की शंखच येणार, दुसरं काय येणार, शंख पाठीवर आहे ना.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत ते आधीच सांगतो. तुमचा मोबाइल कुठला ते लिहिलं नाहीत, आणि तुम्ही टाकलेल्या फोटोत शंखाचा वरचा भागच दिसतोय, अंग दिसत नाही, त्यामुळे गोगलगाय कुठली हेही मी नक्की सांगणार नाही. परसात रात्री लाइट आहे का, जमीन चिऱ्याची आहे की मातीची, यानेही फरक पडतो. तरी मूळ गोष्ट सगळीकडे तीच.

ती आत का जाते ते बघू, कारण हे एकदा कळलं की निम्मं काम होतं. गोगलगायीला ऐकू येत नाही. वरची जी दोन लांब शिंगं असतात त्यांच्या टोकाला बारीक काळा ठिपका दिसतो तो तिचा डोळा, पण त्या डोळ्याला तुम्ही-आम्ही बघतो तसं चित्र दिसत नाही, उजेड किती आहे नि सावली सरकली का एवढंच कळतं. खालची दोन आखूड शिंगं जवळजवळ जमिनीला लागलेली असतात, ती वास नि चव घेत पुढे जातात. आणि बाकी सगळं उघडं ओलं अंग हादरा ओळखतं, वारा ओळखतं, कोरडी हवा ओळखतं. आता आपण फोटो काढायला जातो तेव्हा काय करतो, तिच्या अंगावर मोबाइलची सावली टाकतो, ज्या पानावर ती बसलीय त्याच पानाला कोपर लावतो आणि वर तोंडाजवळ श्वास सोडतो, तिन्ही एकदम. बोलायला काही हरकत नाही हो, शेजारी गप्पा मारत बसलात तरी तिला फरक पडत नाही, पण पान हलता कामा नये.

आत जाणंही दोन प्रकारचं असतं आणि ते ओळखायला शिका. पहिल्यात फक्त शिंगं आखडतात. हे अगदी जवळून बघण्यासारखं आहे, शिंग काही अँटेनासारखं घडी होत नाही, मोज्याचं टोक आतून धरून ओढावं तसं ते आतून ओढलं जातं, आणि शिंग अर्धवट पारदर्शक असल्याने तो काळा ठिपका आतल्या आत खाली सरकत डोक्यात शिरताना दिसतो. बाहेर येतानाही आधी नुसता एक फुगवटा येतो, तो लांबतो आणि सगळ्यात शेवटी टोकाला डोळा उमटतो. हे झालं की फक्त थांबायचं, मोबाइल मागे ओढायचा नाही, कारण परत सावली हलते नि ती परत आखडते. काही सेकंदांत एक शिंग बाहेर येतं, मग दुसरं. दोन्ही वेगवेगळ्या दिशांना वळतात, एक वर नि एक खाली, आणि माझ्या मते तोच सगळ्यात चांगला फोटो असतो. दुसऱ्या प्रकारात पूर्ण अंगच शंखात जातं. मग पाच-दहा मिनिटं तरी गेली, कधी जास्तच. तिथे हट्ट करू नका, दुसरी शोधा. वाट बघायचीच असेल तर आजूबाजूच्या पानांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, थेट तिच्यावर नाही. हवा ओली झाली की बहुतेक वेळा ती बाहेर येते. आणि कृपा करून शंख धरून पानावरून ओढून काढू नका, तिचं अंग शंखाच्या आतल्या दांड्याला स्नायूने पक्कं जोडलेलं असतं, जोरात ओढलं तर आत इजा होते नि शंखाची कडही तुटते. हलवायचीच झाली तर पानासकट हलवा.

वेळेचं म्हणाल तर भर पावसात जाऊ नका. मुसळधार कोसळत असतो तेव्हा त्याही पानाखाली, कुंडीच्या कडेला चिकटून बसलेल्या असतात. पाऊस उघडल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास, रात्री जेवणं आटपल्यानंतर, किंवा पहाटे फटफटायच्या वेळेला, हे तीन वेळ धरा. यातही मला विचाराल तर पहाट, कारण रात्रीच्या फिरण्याने त्या अजून उघड्यावर असतात आणि आकाशाचा मऊ उजेड फुकट मिळतो. आषाढात दिवसभर अंधारून झिमझिम असते तेव्हा दुपारीही मिळतील. श्रावणात ऊन पडलं की गायब. आणि पाऊस संपला, ऑक्टोबरचं ऊन तापलं की कुठेतरी भिंतीच्या फटीत, मातीत, झाडाच्या बुंध्याला चिकटून शंखाचं तोंड वाळलेल्या चिकट पापुद्र्याने बंद करून पुढच्या पावसापर्यंत पडून राहतात. अशी बंद झालेली मिळाली तर तिचाही फोटो घ्या, पण तो पापुद्रा फोडू नका, तो फुटला की तिच्या अंगातलं पाणी जातं.

आता बसायचं कसं. तिच्या मागे लागू नका, तिच्या वाटेवर बसा. ती कुठे चाललीय ते बघायचं, तिच्या पुढे वीतभर जागा धरायची, मोबाइल आडवा करून खाली टेकवायचा, खाली म्हणजे अगदी चिऱ्यावर किंवा कुंडीच्या काठावर, आणि कॅमेरा जमिनीच्या बाजूला येईल असा उलटा धरायचा. म्हणजे लेन्स तिच्या डोक्याच्या उंचीला येते. मग हात काढून घ्या. गोगलगाय साधारण सेकंदाला एखादा मिलिमीटर सरकते, वीतभर यायला तीन-चार मिनिटं लागतात, तेवढ्यात तुम्ही उजेड नीट लावा, फ्रेम बघा. ती स्वतःहून फ्रेममध्ये येते तेव्हा शिंगं पूर्ण लांब केलेली असतात, मान पुढे ताणलेली असते, कारण तिच्या जगात काही बदललेलंच नाही, मोबाइल तिच्यासाठी आधीपासून तिथे पडलेली एक वस्तू आहे. कितीतरी वेळा ती लेन्सवरच चढते, त्याचं काही नाही, ओल्या फडक्याने पुसा.

समोरून एक फोटो झाला की बाजूने घ्या, आणि बाजूने म्हणजे शक्यतो तिच्या उजव्या बाजूने. आपल्याकडे परसात दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या शंखांचा वेटोळा उजवा असतो आणि त्यांचं श्वासाचं भोकही उजवीकडेच असतं, शंखाची कड जिथे अंगाला टेकते त्याच्या अगदी खाली. थोडा वेळ नुसतं बघत बसा, ते भोक उघडतं, गोल होतं, काळं दिसतं, आणि मग हळूच मिटतं, इतकं मिटतं की तिथे काही होतं असं वाटत नाही. ते उघडं असताना बाजूने मिळालेला फोटो म्हणजे जिवंत जनावराचा फोटो. डाव्या बाजूने किती काढले तरी ते दिसणार नाही.

उजेडावर सगळ्यात जास्त बोलायचंय कारण तुमचे पांढरे चट्टे तिथूनच येतात. तिचं अंग ओलं आणि चिकट आहे. ओल्या पृष्ठभागावर उजेड जिथून येतो त्याचंच प्रतिबिंब दिसतं. मोबाइलचा फ्लॅश किंवा टॉर्च म्हणजे एक छोटा ठिपका, त्यामुळे अंगाच्या प्रत्येक बारीक उंचवट्यावर एकेक छोटा कडक पांढरा डाग, आणि मोबाइल त्या डागांना सांभाळायला बाकी फोटो काळा करतो. उपाय एकच, उजेड मोठा करा आणि जवळ आणा. टॉर्चच्या पुढे वीतभर अंतरावर बटर पेपर धरा, तो कागद तिच्यापासूनही वीत-दीड वीतच लांब ठेवा. बटर पेपर नसेल तर पांढरा टिश्यू, नाहीतर धुऊन पुसलेली दुधाची पिशवी आतली पांढरी बाजू करून. चट्टा जातो असं नाही, तो पसरतो, मऊ होतो, आणि मग कातडीवरचे ते बारीक बारीक फुगवटे नि त्यांच्यामधल्या चरी दिसायला लागतात ज्यातून पाणी अंगभर खेळतं. दुसऱ्या बाजूला एक पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा, तिकडची काळोखी कमी होते.

टॉर्च कधीही मोबाइल आहे त्याच बाजूकडून म्हणजे समोरून मारू नका. बाजूने किंवा किंचित मागून. पातळ शंखाच्या गोगलगायीला मागून उजेड दिला की शंख आतून पेटल्यासारखा मधाळ होतो आणि आतलं गडद अंग, कधी कधी त्यावरची ठिपक्यांची नक्षीसुद्धा शंखातून दिसते. हे करून बघाच. टॉर्च एकदम चालू केली तर ती आखडते, म्हणून आधी लांब जमिनीवर मारा नि हळूहळू जवळ आणा. रात्री शोधायला मी टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावतो, लाल उजेडाला त्या कमी बिचकतात असं मला सारखं दिसलंय, आणि फोटोच्या वेळेला पांढऱ्या उजेडावर येतो.

मोबाइलच्या सेटिंगचं भराभर सांगतो. पोर्ट्रेट मोड बंद, तो पार्श्वभूमी पुसताना शिंगंही कापून टाकतो. नाइट मोड बंद, तो सेकंद-दोन सेकंद फोटो घेतो आणि तेवढ्यात अंग स्थिर राहिलं तरी शिंगांची टोकं हलतात नि धूर होतो. मोबाइलला दोन मेगापिक्सेलचा वेगळा ‘मॅक्रो’ कॅमेरा असेल तर तो सरळ विसरा, मुख्य कॅमेरा घ्या, थोडं मागे राहा आणि दोनपट झूम करा. काही महागड्या मोबाइलमध्ये जवळ नेलं की आपोआप वाइड लेन्सवर मॅक्रो सुरू होतं, ते दिसायला छान, पण त्यात लेन्स गोगलगायीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर येते, मोबाइलचीच सावली पडते आणि ती आत जाते, तर तेही सेटिंगमधून बंद ठेवा नि शेवटी एखाद्या धीट गोगलगायीवर वापरा. स्क्रीनवर डोळ्याच्या ठिपक्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस लॉक होतो, मग तेच बोट खाली ओढून फोटो किंचित गडद करा, पांढरे डाग आटोक्यात येतात. तीन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबताना जो धक्का बसतो तो जातो. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर, शंखावर नाही. शंख धूसर नि डोळा स्पष्ट असेल तर फोटो चालतो, उलटं झालं तर नाही चालत.

हे सगळं करून महिना-दोन महिने झाले, फोटो आवडायला लागले आणि तरी वाटलं की अजून जवळचं हवंय, तेव्हा पैसे खर्च करा. घरात कोणाचा जुना डीएसएलआर पडला असेल तर त्याच्या साध्या लेन्सला पुढे लावायचं रेनॉक्स डीसीआर २५० सारखं भिंग पुरतं, किंवा एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा नि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. नवीनच घ्यायची तर ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो घ्या, ५०-६० ची नको, कारण जास्त लांबीची लेन्स तुम्हाला अजून थोडं मागे ठेवते नि गोगलगायीला ते मानवतं. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान ठेवा. एकास एक आकारात, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा, तिथेही स्पष्टता जेमतेम एखाद्या मिलिमीटरभर खोलीची मिळते, म्हणजे एक डोळा लागला तर दुसरा सुटतो, आणि म्हणूनच दोन्ही डोळे एका पातळीत यायची वाट बघायची. एफ १६ च्या पुढे गेलात तर खोली वाढते पण सगळाच फोटो मवाळ होतो. शटर १/१२५ च्या खाली नको. फ्लॅश असेल तर त्यालाही तोच बटर पेपरवाला न्याय. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, कोकणातल्या दमट हवेत काचेवर लगेच धुकं धरतं, अर्धा तास आधी पिशवीतच पडवीत आणून ठेवा.

एक वेगळा प्रयोग सांगतो, मुलं असतील घरात तर नक्की करा. जुन्या फोटोफ्रेमची काच घ्या, कडा टेपने बांधा, पाण्याने ओली करा आणि गोगलगायीला तिच्यावर स्वतःहून चढू द्या. मग काच दोन विटांवर ठेवून खालून मोबाइल. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण तिथे डोळ्यांनी दिसते. सगळा तळवा एकच, आणि त्याच्यावरून गडद आडव्या पट्ट्या शेपटीकडून डोक्याकडे लाटांसारख्या सरकत असतात, तेच तिचं चालणं. फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या इथे. तोंडाजवळ फोकस मिळाला आणि काचेवर थोडं शेवाळ असेल तर तोंड उघडून आतली खरखरीत जीभ काच खरवडतानाही दिसते. त्याच जिभेच्या खुणा तुमच्या न्हाणीच्या हिरव्या भिंतीवर असणार, सकाळी जाऊन बघा, शेवाळावर नागमोडी बारीक नक्षी कोरल्यासारखी असते, बऱ्याच जणांना ती कसली आहे हेच माहीत नसतं.

आता मिठाचं, आणि तिथे गोगलगाय कुठली हा प्रश्न येतो. परसात साधारण तीन प्रकारची मंडळी भेटतात. एक, छोटी, चपट्या वेटोळ्याची, शंख नखाएवढा ते रुपयाच्या नाण्याएवढा, पातळ, चकचकीत, मधाच्या रंगाचा, अंग राखाडी-काळं. ही मॅक्रोक्लॅमिस, इथलीच. तिचा शंख इतका चमकतो कारण तिच्या अंगाच्या दोन पातळ जिभा सारख्या शंखावरून फिरत असतात, बाजूने नीट फोटो आला तर त्या दिसतात. दोन, मोठी, उभट टोकदार शंखाची, तपकिरीवर उभे गडद फराटे, बोटाएवढी सहज आणि कधी त्याहून बरीच मोठी. ही आफ्रिकन गोगलगाय, अकॅटिना म्हणून लोक ओळखतात. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली, १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या ब्रिटिश शंख-अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यातल्या बागेत सुटल्या आणि तिथून ती देशभर पसरत गेली. तीन, शंखच नसलेली, काळपट, चपटी, पाठीवरून मधोमध फिकट रेघ, तिला बरेच जण जळू समजून घाबरतात, पण तीही गोगलगायीच्याच नात्यातली आणि बहुतेक तीही आफ्रिकेतूनच आलेली, लेव्हिकॉलिस. याशिवाय रान जवळ असेल तर जाड गोल शंखाची, फक्त दोनच शिंगं असलेली नि डोळे शिंगांच्या टोकाला नाही तर बुडाशी असलेली एखादी मिळेल, तिच्या शेपटीवर एक गोल झाकण असतं आणि आत गेली की ते दार लावून घेते. ती मिळाली तर सगळं सोडून तिचे फोटो काढा, ती सायक्लोफोरसच्या कुळातली, बागेतल्या बाकीच्यांपेक्षा फार वेगळ्या वंशाची.

तर मीठ कोणावरच टाकू नका. मिठाने तिच्या अंगातलं पाणी ओढलं जातं, ती फेस सोडत बराच वेळ तडफडून मरते, आणि मीठ राहतं तुमच्या मातीत, अळू नि कर्दळ दोन्ही मार खातात. पहिल्या प्रकारची असेल तर राहू द्या, पडलेली पानं नि शेवाळ खाते, कोवळी रोपं असतील तिथून उचलून परसाच्या दुसऱ्या टोकाला सोडा, एवढं पुरतं. दुसऱ्या प्रकारची, आफ्रिकन असेल तर मात्र मी तुम्हाला हळवं व्हायला सांगणार नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे (तेव्हाचं उस्मानाबाद) याच गोगलगायींनी उगवून आलेलं सोयाबीन रातोरात खाल्लं, लोकांना दुबार पेरण्या कराव्या लागल्या. एकेक मादी असं त्यांच्यात नसतंच, प्रत्येक गोगलगाय नर नि मादी दोन्ही असते आणि एका वेळी शंभराच्या वर अंडी घालू शकते. शंख वाढवायला चुना लागतो म्हणून भिंतीचा रंग, गिलावासुद्धा खरवडते. तिचे फोटो आधी मनसोक्त काढा, मोठी असल्याने शिकायला तीच सगळ्यात सोपी, आणि मग संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी त्याच्याखाली जमतात, त्या हातमोजे घालून गोळा करायच्या, बादलीत साबणाच्या दाट पाण्यात टाकायच्या नि मग खोल पुरायच्या. कुंड्या उचलून खाली मोहरीहून मोठी, साबुदाण्याएवढी पिवळट अंडी दिसली तर तीही. बाजारात मिळणाऱ्या विषारी गोळ्या घरात कुत्रं-मांजर असेल तर अजिबात नकोत, मेटाल्डिहाइड कुत्र्यांना मारतं आणि ती त्या गोळ्या आवडीने खातात. पण आधी ओळख पटवा, मग काय ते करा, मोठी दिसली म्हणून मारली असं नको.

सांभाळायचं काय तेही सांगतो. गोगलगायीच्या अंगात उंदरांकडून आलेल्या एका जंताच्या अळ्या असू शकतात, त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. हात लावल्याने घाबरण्यासारखं काही नाही, पण फोटो झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका, मुलांना गोगलगाय तळहातावर घेऊ दिलीत तर लगेच हात धुवायला लावा, आणि परसातली पालेभाजी नि सॅलडची पानं एकेक पान उघडून धुवा. दुसरं, रात्री परसात गुडघ्यावर बसायच्या आधी टॉर्चने आजूबाजूची जमीन नीट बघा नि पायात बूट घाला. पावसाळ्यात मण्यार रात्रीच हिंडते, आणि दगडाखाली, गोणपाटाखाली हात घालायच्या आधी काठीने उचलायचं, कायम.

ओळख पटवायला कुठले फोटो लागतात तेही लिहितो, कारण सुंदर फोटो नि ओळखीचा फोटो वेगळा. शंख बरोबर वरून, शंख बाजूने, शंखाचं तोंड दिसेल असा समोरून, खालून शंखाच्या मध्याला भोक आहे का ते, आणि अंग बाहेर असताना शेपटीचं टोक, कारण मॅक्रोक्लॅमिसला तिथे छोटं शिंगासारखं टोक असतं. शेजारी एक नाणं किंवा पट्टी. खालून बघायला जिवंत गोगलगायीला उलटी करून छळू नका, परसात रिकामे शंख पडलेले असतात ते घ्या. हे फोटो आयनॅचरॅलिस्टवर, म्हणजे जीवजंतूंच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, जागा नि तारीख लिहून टाका, शंख-गोगलगायींचे अभ्यासक तिथे बघत असतात नि ओळखून देतात. आपल्याकडे पक्ष्या-फुलपाखरांचे फोटो ढिगाने आहेत, गोगलगायींचे फार थोडे, आणि सह्याद्रीत जगात दुसरीकडे कुठे नाहीत अशा गोगलगायी आहेत. तुमच्या परसातला एक साधा नीट फोटोसुद्धा कोणाच्या तरी कामाचा असतो हे मी मनापासून सांगतोय.

थोडक्यात, या आठवड्यात एवढंच करा. पाऊस उघडल्यावर पहाटे जा, ती चालली असेल तिच्या पुढे वीतभर मोबाइल टेकवून बसा, टॉर्च बाजूने बटर पेपरमधून, फोकस डोळ्यावर, पोर्ट्रेट नि नाइट मोड बंद. जे दोन-तीन फोटो त्यातल्या त्यात बरे येतील ते इथेच टाका, एडिट न करता, आणि सोबत मोबाइलचं मॉडेल नि टॉर्च कुठल्या बाजूला होती ते लिहा. उजव्या बाजूचा एक असूच दे, त्यावरून गोगलगाय कुठली तेही सांगता येईल आणि लेन्स खरंच लागणार आहे का तेही.